कुंडीला भोक असतं

वसंत म्हटला की आपल्याला आंब्याचा मोहोर, कोकिळा, पळस, पांगारा असं सगळं आठवतं. पाठ्यपुस्तकांनी तशी सवयच लावली आहे. मीही एकतीस वर्षं मुलांना वसंत असाच शिकवला. पण आमच्या लोणी काळभोरचा वसंत ओळखायचा तो कोकिळेवरून नाही, पाण्यावरून. पौष-माघात इथे पहाटे चांगलं धुकं पडतं. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला कालवा, मधे उसाची रानं... सकाळी आठ वाजेपर्यंत सोलापूर रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे चालू असतात आणि अंगणातल्या कुंड्या दवाने इतक्या ओल्या असतात की एक दिवसाआड पाणी घातलं तरी भागतं. महाशिवरात्र झाली की धुकं संपतं. होळीनंतर वारा कोरडा होतो. आणि गुढीपाडवा आला की सकाळी घातलेलं पाणी दुपारी चारला कुठे गेलं ते कळत नाही. तो आमचा वसंत!

माझ्याकडे सध्या लहान-मोठ्या त्रेसष्ट कुंड्या आहेत. सगळ्याच काही कुंड्या म्हणण्यासारख्या नाहीत. त्यात तेलाचे पंधरा किलोचे डबे आहेत, रंगाच्या बादल्या आहेत, अर्धे कापलेले निळे पिंप आहेत, हल्ली मिळतात त्या ग्रो बॅगही आहेत. मोगरा, गुलाब, कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, मेथी, कोथिंबीर, पालक, घेवडा, मिरची, चार वांगी. घर मात्र शेतात आहे. गावापासून थोडं आत, आमच्या स्वतःच्या रानात. त्यामुळे नवीन माणूस आला की एक प्रश्न ठरलेला. परवा कामाला आलेल्या बाईंनीही विचारलाच, "बाई, येवढं रान पडलंय अन् तुम्ही मेथी डब्यात लावताय व्हय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचंच उत्तर आज लिहिते. जरा लांबण लागेल, पण आमच्या नातेवाइकांपैकी अनेकांना जे तुकड्या-तुकड्याने माहीत आहे ते एकदा सलग लिहावं असं मनात आहे.

आमचं खालचं वावर तीस गुंठ्यांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे ऊस डोक्याच्या वर असायचा. काळी, खोल जमीन. कालव्याला पाणी सुटलं की पाळी यायची, रात्र-रात्र दारं धरायची, सऱ्या तुडुंब भरायच्या. थेऊरचा यशवंत कारखाना जवळ, त्यामुळे ऊस सोडून दुसरं काही करावं असं कोणाला वाटतही नसे. पुढे शहर वाढलं. धरणाचं पाणी आधी शहराला आणि उरलं तर शेताला, असा क्रम लागला. पाळ्या लांबल्या. मग विहिरी खोल गेल्या, बोअर आली. नदीचं पाणी उचललं जाऊ लागलं. अलीकडे मुंढव्याहून उचललेलं शहराचं सांडपाणीही बेबी कालव्यातून खाली सोडतात. आमच्याकडे गमतीने म्हणतात की पुणेकर धरणाचं पाणी पितात आणि आम्हाला पुणेकरांनी वापरलेलं मिळतं. कारखानाही २०११ नंतर बंद पडला. आणि या सगळ्या वर्षांत खालच्या वावरात हळूहळू पांढरे डाग दिसू लागले.

आधी एका कोपऱ्यात, घोंगडीएवढा डाग. मग दोन. पावसाळ्यात जायचे, माघात परत यायचे. मग ऊस त्या जागी खुजा राहू लागला, पानांची टोकं करपू लागली. माती ओली असताना गुळगुळीत चिखल, वाळली की दगड. शेवटी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात माती तपासायला दिली. मातीची विद्युतवाहकता चारच्या वर गेली की जमीन खारवट धरतात, आणि सामू साडेआठच्या वर जाऊन सोडियमचं प्रमाण वाढलं की चोपण. आमच्या तुकड्यात दोन्हीची लक्षणं होती.

ह्यांनी खटपट पुष्कळ केली. जिप्सम टाकलं, कारखान्याची मळी टाकली, तीन पावसाळे धैंचा पेरून गाडला. वर्षभर बरं दिसायचं, पुन्हा मीठ वर यायचं. तपासून देणाऱ्या साहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं की वरून काहीही घाला, खालून पाण्याला वाट करून दिल्याशिवाय उपयोग नाही. जमिनीत हातभर-दोन हात नव्हे, चांगलं तीन-चार फूट खोल चर घेऊन छिद्रांचे पाइप टाकायचे आणि त्यांचं तोंड ओढ्याला काढायचं. त्याचा खर्च काढला, आणि त्याच वर्षी मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. फी भरली. ते योग्यच झालं. वावर तसंच राहिलं.

हे गेले त्याला आता सहा वर्षं होतील. त्यानंतर मी कुंड्या वाढवल्या. सुरुवात मोगऱ्याने झाली. ह्यांनी घराशेजारी जमिनीत लावलेला मोगरा वाळू लागला, तेव्हा त्याच्या फांद्या कुंडीत लावून जगवला. त्याच्या मागोमाग भाजी आली. कारण सोपं होतं. रानातली माती मला बदलता येत नव्हती, कुंडीतली येत होती. ओढ्यापलीकडच्या बरड रानातली पोयट्याची माती, कुजलेलं शेणखत, जुन्या विटांचा चुरा आणि सुकलेला पालापाचोळा. वर उसाच्या पाचटाचं आच्छादन. श्री. अ. दाभोळकरांचा 'प्रयोग परिवार' ज्यांनी पाहिला-वाचला आहे त्यांना यात नवीन काही नाही. टोपलीभर पालापाचोळ्यात भाजी येते हे त्यांनी महाराष्ट्राला कधीच दाखवून दिलं आहे.

पण मंडळी, कुंडी ही फार कडक मास्तरीण आहे हो! माती चांगली, खत चांगलं, आणि तरी पहिल्याच वैशाखात घेवड्याच्या पानांच्या कडा करपल्या. टोकापासून आत, अगदी उसासारख्या. कुंडीच्या काठाला पांढरा थर आला. आपल्याकडे जुन्या भिंतींना लोणा लागतो ना, तसा. माती नवी, मग मीठ आलं कुठून?

पाण्यातून आलं. आमच्या बोअरच्या पाण्याचा अहवाल काढून पाहिला. विद्युतवाहकता १.६. हा आकडा साधारण ६४० ने गुणला की एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार आहेत त्याचा अंदाज येतो. म्हणजे लिटरला सुमारे एक ग्रॅम. मोठ्या कुंडीला चैत्रात रोज दोन लिटर पाणी लागतं. दोन महिन्यांत एकशेवीस ग्रॅम, म्हणजे चहाचे वीस चमचे मीठ एका कुंडीत! आपल्या खाण्याचंच मीठ असं नाही, त्यात चुना आणि मॅग्नेशियमचे क्षारही आले. झाड पाणी पितं, ऊन पाणी उडवतं, मीठ कोणीच नेत नाही. ते मागे राहतं.

मग मी तोच हिशेब रानाचा केला. गणित शिकवलं नाही कधी, पण एवढं जमतं. एका एकरात तीन इंच उंचीचं पाणी भरायचं तर तीन लाख लिटर लागतं. त्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम क्षार असतील तर एका पाळीला तीनशे किलो. पन्नास किलोची सहा पोती! कालव्याचं पाणी बोअरपेक्षा पुष्कळ गोडं, त्यात याच्या पाचवा भागही नसेल. तरी पण उसाच्या पाळ्या किती, आणि वर्षं किती... असो.

शाळेत भूगोलाच्या तासाला दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, "बाई, नद्या गोड्या आणि समुद्र खारट असं का?" मी सांगायचे, नद्या खडकांतले क्षार थोडे थोडे आणून टाकतात, उन्हाने पाणी उडून जातं, क्षार राहतात, आणि समुद्राला पुढे वाहून जायला वाट नाही. मग लोणारचं उदाहरण द्यायचे. तिथेही झऱ्यांचं गोडं पाणीच आत येतं, बाहेर जायला वाट नाही, म्हणून सरोवर खारट. मुलांना पटायचं. आता त्रेसष्ट कुंड्यांपुढे उभी राहून मला वाटतं की वाट बंद असेल तर प्रत्येक कुंडी हे एक लहानसं लोणारच आहे.

फरक एवढाच की कुंडीला भोक असतं.

ते भोक मी आता देवासारखं जपते. त्यावर खापराचा तुकडा पालथा, म्हणजे पोट वर येईल असा ठेवते, म्हणजे माती अडते आणि पाणी जातं. कुंडी दोन विटांवर ठेवते, खाली बशी ठेवत नाही. नाहीतर निचरलेलं खारं पाणी तीच कुंडी पुन्हा शोषून घेते. आणि दर तीन आठवड्यांनी कुंड्यांना 'अभ्यंगस्नान' घालते. कुंडी बारा लिटरची असेल तर वीस-चोवीस लिटर पाणी सावकाश, थांबत थांबत ओतायचं. खालून आधी तांबूस आणि मग स्वच्छ पाणी येईपर्यंत. या कामाला मी पावसाचं पाणी वापरते. गोठ्याच्या पत्र्यावरचं पाणी पन्हळीने टाकीत धरलेलं असतं, ते मी फक्त ह्यासाठीच राखून ठेवते. धुतल्यावर खतही थोडं वाहून जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी मूठभर शेणखत द्यायचं. घेवडा सगळ्यांत नाजूक, त्याला मीठ अजिबात सोसत नाही. म्हणून प्रत्येक रांगेत एक घेवडा ठेवते. त्याच्या पानाची कड करपली की समजायचं, रांगेची आंघोळ आली. पालक आणि बीट दणकट, ते काही तक्रार करत नाहीत.

आता माझ्या मुलीची गंमत सांगते. ती राहते कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, हाफ मून बे नावाच्या गावाजवळ. तीही शेतावरच्या घरात. घर भाड्याचं, आजूबाजूची जमीन मालकाची, म्हणून तिचीही बाग कुंड्यांत. माझी जमीन माझी असून कुंड्या, तिची जमीन तिची नाही म्हणून कुंड्या! समुद्र तिथला थंडगार. त्याच्यावरून ओलसर वारा आला की धुकं होतं आणि ते वसंतात, उन्हाळ्यात दुपारपर्यंत किनाऱ्यावर बसून राहतं. आमचं धुकं थंडीतलं, तिचं उन्हाळ्यातलं. त्या किनाऱ्याच्या बाजूला रेडवूड नावाची प्रचंड उंच झाडं आहेत. पावसाळा नसताना ती धुक्यातलं पाणी पानांवर धरून खाली ठिबकवतात आणि वर्षाच्या पाण्यातला मोठा वाटा तसा मिळवतात.

आमचं दर रविवारी बोलणं होतं आणि त्यातलं निम्मं कुंड्यांबद्दल. मार्च-एप्रिलमध्ये मी दिवसातून दोनदा पाणी घालते, ती आठवड्यातून दोनदा. माझी कोथिंबीर पाडव्यानंतर बघता बघता फुलावर येते, तिची महिना-महिना हिरवीगार उभी. मटार आणि पालकही तसेच. मात्र तिचे टोमॅटो लाल होत नाहीत, मोगरा तर तिने दोनदा आणला, एकही कळी नाही. तिची भांडणं भुरीशी आणि गोगलगायींशी. माझी मिठाशी. तिने एकदा विचारलं, "आई, माझ्या कुंड्यांना पांढरा थर कसा येत नाही गं?" मी म्हटलं, तुझ्याकडे पाणी कमी लागतं, कमी उडतं, आणि हिवाळ्यातला पाऊस कुंडी धुऊन काढतो. जे पाणी उडत नाही ते मीठ मागे ठेवत नाही. मीठ साचतं ते आमच्यासारख्या कोरड्या उन्हाच्या मुलखात.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी ताम्हाणे यांच्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० साली पुस्तिका लिहिली आहे. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सुरू झाला, आणि पंचवीस-तीस वर्षांत तिकडे मीठ वर आलेलं होतं. म्हणजे कालव्याची जमीन निचऱ्याविना खारावते ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वीपासून लिहिलेली आहे. याच मॅनसाहेबांनी १९१७ मध्ये एका दख्खनी खेड्याचा अभ्यास छापला. शेतांचे तुकडे कसे होत जातात, कर्ज कसं वाढतं, सगळं घरोघर जाऊन मोजलेलं. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथे जाऊन पाहा, शेत शोधावं लागेल. सगळे टॉवर!

हे आठवायचं कारण आहे. आमच्या खालच्या वावरालाही मागणी आहे. पांढऱ्या गाडीतून माणसं येतात, चहा घेतात, "आजी, नुसतं पडूनच आहे ना" म्हणतात. मुलगा हडपसरला नोकरीला आहे. तो लोभी नाही. तो सरळ हिशेब मांडतो. जमीन पीक देत नाही, तू एकटी राहतेस, गुडघे दुखतात, प्लॉट पाडून विकलं तर तुझी म्हातारपणाची सोय होईल. त्याच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा सापडत नाही. दोन वर्षं मी "बघू" म्हणत होते.

या माघात मात्र मी त्याला अंगणात बसवलं. एका डब्याला मी मुद्दाम भोक पाडलं नव्हतं. बाकी माती तीच, खत तेच, पाणी तेच. त्यातली मेथी पिवळी पडून बसली होती आणि वर पीठ भुरभुरावं तसा थर. शेजारच्या डब्यातली मेथी आदल्या दिवशीच खुडली होती. तो इंजिनिअर आहे, त्याला फार सांगावं लागलं नाही. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे आपलं रान मेलेलं नाही, तुंबलेलं आहे."

मग आम्ही दोघांनी माहिती काढली. कोल्हापूर-सांगलीकडे हे काम बरंच झालं आहे. शिरोळला दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पाइप टाकले आणि वर्षानुवर्षं पडीक असलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. त्यातली महत्त्वाची गोष्ट 'एकत्र' ही आहे. कारण भोक पाडलं की खारं पाणी कुठेतरी जाणारच. आमच्या खाली एका चुलत दिरांचं रान आहे. ते लगेच म्हणाले, "वहिनी, तुमचं मीठ माझ्या दारात नको." बरोबरच आहे त्यांचं. कुंडीखालचं पाणी शेजारच्या कुंडीला लागू नये म्हणून मी विटा लावते, मग रानाला दुसरा न्याय कसा? चार बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं की मुख्य पाइप त्यांच्या रानातून पुढे ओढ्यापर्यंत न्यायचा, त्यांच्याही तुकड्याचा निचरा त्यालाच जोडायचा, खर्च जमिनीच्या प्रमाणात वाटायचा. मीठ मुख्यतः पावसाळ्यात धुऊन निघेल, तेव्हा ओढा भरून वाहत असतो. तरीही ते पुढे नदीला, भीमेला, उजनीला जाणार हे मला दिसतं आहेच. म्हणून ऊस नाही, मोकळं पाणी नाही, ठिबकच, हे मी मुलाकडून कबूल करून घेतलं आहे. जितकं पाणी कमी आणू तितकं मीठ कमी येईल.

माझ्या वाट्याचे पैसे मी पेन्शनीतून साठवले आहेत. मुलीला हे कळल्यावर ती रविवारी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या फीच्या वर्षी राहिलेलं काम ना हे? मग निम्मे माझे." आधी मी नको म्हणणार होते. मग वाटलं, तिकडे भाड्याच्या अंगणात कुंड्या लावणाऱ्या पोरीची इथे हातभर तरी जमीन असू दे की!

अक्षय्य तृतीयेनंतर, रान पूर्ण वाळलं की चर खोदायला यंत्र येईल. त्याआधी आखणी झाली आहे, चुन्याच्या रेघा मारल्या आहेत. पहिल्या पावसाळ्यात नुसता धैंचा, मग माती तपासायची, मग दुसऱ्या वर्षी बीट, पालक असलं सोसणारं काही. साहेब म्हणतात की घेवडा यायला तीन वर्षं तरी लागतील. मला घेवडा आलेला पाहायचा आहे. तो आला म्हणजे रान सुधारलं, बाकी अहवाल नंतर.

मुलगा काल रेघांवरून चालता चालता हळूच म्हणाला, "आई, तीन वर्षांनी तू सत्त्याहत्तर होशील."

मी म्हटलं, "हो. आणि नाही खोदलं तरी होईनच की!"